खोलीतली दुसरी व्यक्ती

सर पडद्यावर आले तशी मी उभी राहिले.

हात जोडले, "नमस्कार सर" म्हणाले. लॅपटॉप स्टुलावर होता आणि मी खाली चटईवर बसले होते. उभी राहिले तेव्हा माझा चेहरा वर गेला आणि कॅमेऱ्यात उरल्या फक्त साडीच्या निऱ्या. हे मला कळायला मार्ग नव्हता. मला वाटलं, वर्गात उभं राहिल्यावर दिसते तशीच मी सरांना दिसतेय.

"आज आपण कोणाच्या निऱ्यांचा तास घ्यायचाय?" सर म्हणाले.

पडद्यावर चाळीस-बेचाळीस चौकटी होत्या. ज्यांचे आवाज चालू होते त्यांचं हसणं ऐकू आलं. ज्यांचे बंद होते त्यांचे नुसते दात दिसले. मीपण हसले. कशाला हसतायत ते माहीत नव्हतं, पण सगळे हसतायत तर आपणही हसावं, एवढंच डोक्यात आलं. ते हसणं मला अजून टोचतं. त्यांचं नाही, माझं.

मग सरांनी माझं नाव वाचलं. यादीत नावापुढं प्रवर्ग लिहिलेला असतो. तोही वाचला असणार, कारण ते म्हणाले, "मॅडम, बसा खाली. प्रवेश सवलतीत मिळतो, पण माउस चालवायला स्वतः शिकावं लागतं."

मी बसले. त्या दिवशीचा विषय होता विद्यार्थिकेंद्रित अध्यापन. दीड तास सर त्यावर बोलले. प्रत्येक मुलाची गती वेगळी असते, शिक्षकानं त्याच्या पातळीवर यावं, असं बरंच काही. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. ती वही अजून आहे माझ्याकडं. त्या पानावर शाई दोन ठिकाणी पसरलीय.

संध्याकाळी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर माझ्या निऱ्यांचा फोटो आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "आदर्श विद्यार्थिनी". मी तो उघडून पाहिला, मग फोन उशीखाली ठेवला आणि भाकरी थापायला बसले.

माय म्हणाली, "काय झालं गं? तोंड का उतरलं?"

"काय नाय. डोळे दुखायले. लई वेळ बघावं लागतं त्याच्यात."

माझं वय त्रेचाळीस. पुंडलिकनगरातल्या एका खाजगी शाळेत पहिलीला शिकवते, त्याला सतरा वर्षं झाली. राहते छावणीच्या मागच्या वस्तीत, दोन खोल्यांत, मायसोबत. लग्नाचं म्हणाल तर ते जमलं नाही, आणि त्याचं दुःख मायला आहे, मला नाही. शाळेत माझ्यानंतर आलेल्या चार बाया माझ्या पुढं गेल्या. प्रत्येक वेळी संस्थेच्या ऑफिसात एकच उत्तर मिळायचं, "ताई, तुमचं एम.ए. नाही ना." म्हणून मी शिक्षणशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. ऑनलाइन. शाळा सोडून कॉलेजात जाऊन बसणं मला परवडणारं नव्हतं, हे घरात बसून होणार होतं.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण अण्णा.

आम्ही वडिलांना अण्णा म्हणायचो. खुलताबादच्या पलीकडच्या एका गावातून ते तरुणपणी शहरात आले आणि एका कॉलेजात शिपाई म्हणून लागले. प्राचार्यांच्या केबिनबाहेर त्यांचं स्टूल होतं. त्या स्टुलावर बसलेले अण्णा मी फार कमी वेळा पाहिले. कुणी समोरून आलं की ते उठायचे. प्राचार्य आले की उठायचे, प्राध्यापक आले की उठायचे, कारकून आला तरी उठायचे. एकदा प्राचार्यांची नात आली, सहा-सात वर्षांची, तर तिच्यासाठीही उठले. मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. मीपण तेवढीच होते. त्यांनी माझा हात ओढून मलाही उभं केलं. उभं राहायचं असतं हे मी तिथं शिकले, आणि ते अंगात इतकं मुरलं की लॅपटॉपमधल्या माणसासमोरही गुडघे आपोआप सरळ झाले.

त्या कॉलेजात व्हरांड्याच्या टोकाला एम.ए. शिक्षणशास्त्राचा वर्ग होता. तो झाडायचं, उघडायचं, बंद करायचं काम अण्णांकडं. मी बी.एड. झाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले आणि वर म्हणाले, "आता त्या टोकाच्या खोलीत बसायची राहिली तू." ते त्यांनी मरेपर्यंत म्हटलं. ते गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मी नाव घातलं. खोली काही मिळाली नाही. वर्गच घरात आला, चौकटी-चौकटींचा.

निऱ्यांच्या त्या दिवसानंतर मी आठ दिवस तासाला बसले नाही. खोटं कशाला सांगू, नाव काढून टाकायचं ठरवलं होतं. त्याचा अर्ज भरायलासुद्धा मला कुणाची तरी मदत लागणार होती, म्हणून मी आपाकडं गेले.

आपा म्हणजे छावणीच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान चालवणारी बाई. पन्नाशीची, डोळ्यावर जाड चष्मा, तोंडात सदा लवंग. अर्ध्या बाजाराचे ऑनलाइन फॉर्म तीच भरते. लॅपटॉपही मी तिच्याकडूनच घेतला होता, वापरलेला. मी तिला सगळं सांगितलं. सांगताना रडले.

आपा म्हणाली, "कायकू रोती? वो मशीन है, आदमी नई. मशीन को क्या मालूम तू कौन है."

"मला जमत नाही आपा. तुम्हीच करून देत जा."

"मैं करके नई देती. तू कर, मैं देखती."

शाळा सुटली की मी सिटी बसनं छावणीत उतरायची आणि थेट तिच्या दुकानात जायची. आपा मला हात लावू द्यायची आणि स्वतःचे हात मागं बांधून उभी राहायची. आवाज कुठं बंद होतो. कुठं चालू होतो. बोलताना माणसाच्या तोंडाकडं बघायचं नाही, वरच्या बारक्या भोकाकडं बघायचं, तरच समोरच्याला वाटतं आपण त्याच्याकडं बघतोय. हे मला फार दिवस विचित्र वाटलं. मीटिंगमधून बाहेर पडायचं लाल बटण कुठं असतं. चुकलं की आपा "हां, फिरसे" म्हणायची. हसली नाही एकदाही. माझ्या वर्गात पहिलीचं लेकरू पुस्तक उलटं धरतं, तेव्हा मीही हसत नाही. पुस्तक फिरवून हातात देते. तेवढ्याला काही एम.ए. लागत नाही.

नाव काढायचा अर्ज राहून गेला.

तरी चुका होत राहिल्या. पहिला स्वाध्याय मी हातानं लिहिला, मोबाइलनं फोटो काढून पाठवला, तर सगळी पानं आडवी गेली. सरांचा एका ओळीचा मेल आला, "मान वाकडी करून वाचायचं का मी?" दुसऱ्यांदा पानं सरळ गेली पण क्रम उलटा. तिसऱ्यांदा नीट गेलं. त्यावर काही उत्तर आलं नाही. नीट गेलं की उत्तर येत नाही, हेही मी शिकले. तासाला मी पाटावर पाट ठेवून उंच बसायला लागले, चेहरा चौकटीच्या बरोबर मध्ये यायचा. सर आले की गुडघे अजूनही हलायचे. मी पदर आवळून बसून राहायची.

परीक्षा घरूनच होती. सूचनांची फाईल इंग्रजीत, बरीच लांबलचक. मी आणि आपानं दोन संध्याकाळी बसून ती वाचली. कॅमेरा चालू ठेवायचा. पेपर सुरू होण्याआधी लॅपटॉप फिरवून अख्खी खोली दाखवायची. खोलीत दुसरी व्यक्ती नको. मागची भिंत मोकळी असावी. आमच्या बाहेरच्या खोलीत दाराच्या अंगाला बुद्धाची तसबीर आहे आणि समोरच्या भिंतीवर अण्णांचा फोटो. भिंत मोकळी म्हणजे तिच्यावर लिहिलेलं काही नको, असा अर्थ मी लावला. म्हणून कॅलेंडर काढलं, शाळेसाठी केलेला पाढ्यांचा तक्ता काढला. अण्णांवर काही लिहिलेलं नव्हतं.

पेपरच्या दिवशी नेमकं पाणी आलं. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि नळ मागच्या मोरीत. तिकडं जायचं तर बाहेरच्या खोलीतूनच जावं लागतं. मी मायला सांगितलं होतं, काही झालं तरी आत यायचं नाही, कॅमेऱ्यात कोणी दिसलं की पेपर गेला. माय समोरच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसली. गल्लीत बाया ओरडायला लागल्या, "नळ आला, नळ आला." माझ्या मोरीतून रिकाम्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला नाही. माय उठलीच नाही. आठवड्याचं पाणी तिनं जाऊ दिलं.

मी खोली फिरवून दाखवली. भांड्यांची मांडणी, मायच्या औषधांची पिशवी, खाट, भिंती. अनोळखी माणसाला आपलं घर असं वळून वळून दाखवताना कसं वाटतं, ते ज्याच्या घरात चार खोल्या आहेत त्याला कळणार नाही. मग पेपर सुरू झाला.

पेपर सोपा होता. माझं सतरा वर्षांचं कामच होतं त्यात. अर्ध्या तासानं पडद्याच्या वर पिवळी पट्टी आली. खोलीत दुसरी व्यक्ती आढळली, असं इंग्रजीत. मी दचकून मागं पाहिलं. खोलीत कोणी नाही, दारही लावलेलं. पुन्हा लिहायला लागले. थोड्या वेळानं पुन्हा पट्टी. मी पुन्हा मागं पाहिलं. मला वाटलं, माय मोरीकडं गेली असणार, पाण्याच्या ओढीनं. मी हाक मारली, "माय, आत आलीस का गं?" उत्तर नाही. मागं कोण आहे म्हणून मी वळून बघायची आणि माझं ते वळणंसुद्धा यंत्र लिहून घेत होतं. हे मला नंतर कळलं. बोलणंही लिहून घेतलं.

तिसरी पट्टी लाल होती. तिच्याबरोबर पेपर बंद झाला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं राहिलं. पडदा पांढरा झाला आणि त्यात माझाच चेहरा अंधुक दिसायला लागला.

मी दार उघडलं. माय ओट्यावरून लगबगीनं आली. "झालं का गं? मी बाहीरच व्हते. डोकावले सुदिक नाय."

"झालं," मी म्हणाले.

"मग अशी का बघायलीस? माझा आवाज गेला का तुझ्या त्याच्यात?"

"नाय माय. तुझं काय नाय."

तिला पटलं नाही. आठ दिवस ती स्वतःला दोष देत राहिली, आपण ओट्यावर खोकलो म्हणून. मग मेल आला. विषय होता, परीक्षेतील गैरप्रकार. आत तक्ता होता. किती वाजता मान वळवली, किती वाजता बोलणं ऐकू आलं. आणि शेवटी, दुसरी व्यक्ती, पुरुष, वय अंदाजे पन्नास. यंत्रानं वयसुद्धा काढलं होतं.

मी ती ओळ चार-पाच वेळा वाचली. आमच्या घरात पुरुष नाही. मग मान वर केली आणि अण्णा दिसले.

तो फोटो त्यांच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. दुसरा धड फोटोच नव्हता त्यांचा. ओळखपत्राच्या फोटोत माणूस सरळ समोर बघतो, हलू नका म्हटलेलं असतं म्हणून न हलता. अण्णा तसेच बघत होते, माझ्या डोक्याच्या वरून, थेट कॅमेऱ्यात. मी बसायची ती जागा बरोबर त्यांच्या खाली होती. पाटावर पाट ठेवून उंच झाले तशी त्यांच्या जवळ गेले.

हसू यावं अशीच गोष्ट होती. मला हसू आलं नाही. अण्णांवर कॉपीचा आळ आला होता, आणि अण्णा काय होते ते मला माहीत होतं.

माझ्या बी.एड.च्या परीक्षेचं केंद्र त्यांच्याच कॉलेजात आलं होतं. बाकांवर नंबर चिकटवायचं काम त्यांचं. माझ्या वर्गातले सगळे नंबर त्यांनी चिकटवले आणि माझा तेवढा दुसऱ्या शिपायाला चिकटवायला लावला. पेपरला पाणी वाटायला तेच होते. उन्हाळा होता, माझ्या घशाला कोरड पडलेली. स्टीलचा जग घेऊन ते बाकाबाकापाशी थांबायचे. माझ्या बाकाशी आले की न थांबता पुढं जायचे. माझ्याकडं बघायचे नाहीत. सगळ्या पेपरांना तेच. मला वाटलं, लाजतायत का काय माझ्यासमोर पाणी वाटायला. घरी आल्यावर मी विचारलं, पाणी का दिलं नाही.

"कुणी म्हणलं असतं, शिपायानं पोरीला चिठ्ठी दिली," अण्णा म्हणाले. "पाण्याचं काय, घरी पी."

तो माणूस. पोरीला पाणी न देणारा. त्याचं नाव गैरप्रकाराच्या तक्त्यात होतं. नावसुद्धा नाही, दुसरी व्यक्ती.

चौकशी ऑनलाइनच होती. मी शाळेतून अर्धी रजा टाकली. मायला आत बसवलं, म्हटलं, आज कोणी दिसलं तरी चालतं. तीन चौकटी उघडल्या. एकीत सर, एकीत परीक्षा विभागाच्या मॅडम, एकीत कुणी अधिकारी. तिघं आले तसे माझे गुडघे हलले. मी दोन्ही हात त्यांच्यावर दाबून धरले. बसूनच "नमस्कार" म्हणाले.

मॅडमनी परीक्षेचं चित्रण लावलं. पडद्यावर मी होते, खाली मान घालून लिहीत. माझ्या चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन. वर, माझ्या खांद्याच्या मागं, अण्णा. त्यांच्या चेहऱ्याभोवती लाल चौकोन. मी वळले की हिरवा चौकोन हलायचा. लाल हलायचा नाही.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की अण्णांचा आणि माझा एकत्र असा एकही फोटो आमच्या घरात नाही. माझ्या पदवीदानाला अण्णा खुर्च्या मांडत होते. फोटोवाल्यानं झगे घातलेल्यांचे फोटो काढले. लहानपणी फोटो काढायची ऐपत नव्हती, नंतर राहून गेलं. बाप-लेकीचा पहिला फोटो त्या यंत्रानं काढला, आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते पुसलं नाही.

"फोटो आहे हे आम्हालाही दिसतं, मॅडम," सर म्हणाले. "पण नियम तो नियम. भिंत मोकळी ठेवा असं स्पष्ट सांगितलं होतं."

परीक्षा विभागाच्या मॅडम मऊ बोलल्या. "फार काही नाही. चूक मान्य करून माफीचं पत्र द्या. पुढच्या सत्रात हा पेपर पुन्हा द्या, तेवढा फोटो काढून ठेवा. आम्ही प्रकरण मिटवून टाकू."

"चूक कोणती लिहू?" मी विचारलं.

सर म्हणाले, "खोलीत दुसरी व्यक्ती असल्याबद्दल."

"ते वारलेत सर."

सर हसले. तेच हसणं, निऱ्यांच्या दिवसाचं. या वेळी मी हसले नाही.

"मॅडम, भावनिक होऊ नका. भिंतीवरून एक फोटो उतरवायचा, त्यात एवढं काय आहे? तुमच्या लोकांचं हेच असतं. प्रत्येक गोष्टीत अपमान शोधायचा."

तुमच्या लोकांचं. मॅडमनी खाली कागदांत बघितलं. अधिकाऱ्याचा चेहरा अर्ध्यावर गोठला होता, नेट गेलं होतं की तोच तसा बसला होता, देव जाणे. माय माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. थांब, जाऊ दे, असा तो हात होता. आयुष्यभर असाच हात ठेवत आली ती माझ्या पाठीवर.

मी वरच्या बारक्या भोकाकडं पाहिलं. आपानं शिकवलं होतं तसं. म्हणजे सरांना मी थेट त्यांच्या डोळ्यांत बघताना दिसले असणार.

म्हणाले, "सर, हे माझे वडील. कॉलेजात शिपाई होते. उभी हयात परीक्षेला पाणी वाटलं त्यांनी. माझ्या परीक्षेला मला पाणी दिलं नाही, कुणी कॉपी म्हणू नये म्हणून. त्यांनी मला मदत केली असं मी लिहून देणार नाही. माफीचं पत्र देणार नाही. पेपर पुन्हा देईन, याच खोलीत देईन. फोटो काढणार नाही."

"मग हा पेपर रद्द होईल," अधिकारी बोलला. म्हणजे गोठला नव्हता. "पदवी अडकेल तुमची."

"अडकू द्या."

"आणि पुढच्या वेळी यंत्रानं पुन्हा पकडलं तर?"

"यंत्राला माणूस आणि फोटो कळत नसेल तर ते त्याला शिकवा. मी शिकले तेवढं. मला कुणी सवलत दिली नाही त्यात." मग म्हणाले, "आणि या चित्रणातला आमचा दोघांचा फोटो मला पाहिजे. त्याचा रीतसर अर्ज करते."

सर काहीतरी बोलायला लागले. त्यांचं तोंड हलत होतं. मी लाल बटण दाबलं. तिन्ही चौकटी गेल्या. मोठ्या माणसांसमोरून त्यांच्या आधी निघून जायचं, हे आमच्या घरात आजवर कुणी केलं नव्हतं. मी उभी राहिले नाही, बसून होते.

मायनं अण्णांच्या फोटोकडं पाहिलं. मग म्हणाली, "उतरवायचा व्हता गं. अण्णा रागावले नसते."

"व्हय माय. नसते रागावले."

हेच मला सगळ्यात जास्त लागलं. अण्णा रागावले नसतेच. कुणी नुसतं म्हटलं असतं, तर स्वतःहून भिंतीवरून उतरले असते, फ्रेम काखेत धरून बाहेर ओट्यावर जाऊन बसले असते, मायच्या शेजारी, पोरीचा पेपर होईपर्यंत. खोकलेसुद्धा नसते. जन्मभर त्यांनी तेच केलं. कुणीही आलं की जागेवरून उठले. त्या दिवशी मी मायच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, अण्णा गेले तेव्हा रडले नव्हते तेवढी.

पेपर रद्द झाल्याचं पत्र आलं आहे. बाकीच्या विषयांना नुसते स्वाध्याय होते, त्यांत मी पास आहे. संस्थेच्या ऑफिसात यंदाही तेच उत्तर मिळालं, माझ्यानंतर आलेली पाचवी बाई माझ्या पुढं गेली. फोटोसाठी केलेल्या अर्जाला उत्तर नाही. मी दुसरा अर्ज केला आहे, त्यालाही नाही. तिसरा लिहून ठेवलाय. ते आता मी स्वतः टाइप करते, आपाच्या दुकानात, आपा हात मागं बांधून बघते.

पुढच्या सत्रात पेपर आहे. फॉर्म भरला, माझा मीच. त्या दिवशी मी त्याच पाटावर बसेन, त्याच भिंतीपुढं, अण्णांच्या खाली. पाणी आलं तर माय आत येईल आणि भरेल, तिला मी ओट्यावर बसवणार नाही. पिवळी पट्टी येईल. लाल येईल. पेपर बंद झाला तर त्याच्या पुढच्या सत्रात पुन्हा बसेन.

फक्त मान वळवणार नाही. मागं कोण आहे ते मला माहीत आहे.